बेब्लेडकडे परत: तिशीतल्या नवशिक्यांसाठी

भाच्याने मला साडेचार सेकंदांत हरवलं. मोजले मी नाहीत, त्यानेच मोठ्याने सांगितले. मी लाँचरची (भोवरा सोडायच्या यंत्राची) दोरी ओढली, माझं बेब्लेड, म्हणजे खेळण्यातला लढायचा भोवरा, स्टेडियमच्या (प्लॅस्टिकच्या खोलगट रिंगणाच्या) तळाशी नीट उभं राहतंय तोवर त्याचं कडेच्या दातेरी पट्टीवरून सर्रकन आलं आणि माझ्या बेब्लेडला उचलून समोरच्या खिशात, म्हणजे स्टेडियमच्या कडेच्या खळग्यात, टाकून मोकळं झालं. "मामा, एक्स्ट्रीम फिनिश. तीन पॉइंट." आठ वर्षांचं पोर. आणि मी, जो पाचवीत असताना आळीतला 'काय' (बेब्लेडच्या कार्टूनमधला एक खेळाडू) समजला जायचो, आजीची पितळी परात अंगणात मांडून अख्ख्या गल्लीला आव्हान द्यायचो, तो तोंड उघडं टाकून बघत बसलो.

त्या रात्री घरी येऊन फोनवर बेब्लेड शोधायला लागलो आणि दोन तासांत पार गोंधळून गेलो. बर्स्ट काय, एक्स काय, रॅचेट काय, टाकारा टोमी वेगळं आणि हॅस्ब्रो वेगळं कसं. त्यानंतर वर्षभरात चुका करत, पैसे घालवत जे कळलं ते इथे क्रमाने मांडतो. लहानपणी हा नाद होता, मधली पंधरा-वीस वर्षं सुटला आणि आता पुन्हा हात शिवशिवतायत, अशांसाठी हे आहे.

१. आधी तुमचं बेब्लेड कुठल्या काळातलं ते ओळखा

"बेब्लेड" म्हणून दुकानात गेलात तर जे मिळेल ते तुमच्या आठवणीतलं नसेल. या खेळण्याच्या चार पिढ्या झाल्या, आणि एका पिढीचे सुटे भाग दुसरीला बसत नाहीत.

पहिली पिढी प्लॅस्टिकची. जपानच्या टाकारा कंपनीने १९९९ साली ती बाजारात आणली. ताकाओ आओकी यांची चित्रकथा त्याच वर्षी सुरू झाली आणि कार्टून २००१ मध्ये आलं. आपल्याकडे २००५ च्या आसपास कार्टून नेटवर्कवर हिंदीतून टायसन, काय, मॅक्स आणि रे दिसायला लागले ते याच पिढीतले. (मूळ जपानीत टायसनचं नाव ताकाओ. काय मात्र दोन्हीकडे काय.) ओळखायची खूण अशी: मध्यभागी चित्राची चकती, तिच्याखाली प्लॅस्टिकची धारदार कडी, मग लोखंडी चपटी चकती आणि खाली प्लॅस्टिकचा बूड. दात्यांची लांब पट्टी लाँचरमध्ये घालून खेचायची.

दुसरी पिढी धातूची, २००८ ची. तोवर टाकारा आणि टोमी या दोन कंपन्या एक झाल्या होत्या. पेगॅसस, एल-ड्रॅगो ही नावं ओळखीची वाटत असतील तर तुम्ही या काळातले. हातात घेतलं की जड लागतं, वर मध्यभागी स्क्रू असतो आणि तो उघडायला प्लॅस्टिकची छोटी चावी लागते. ती चावी हरवली नाही असा एकही मुलगा मी पाहिलेला नाही.

तिसरी पिढी बर्स्ट, २०१५ ची. यात स्क्रू नाही. टकरा बसत गेल्या की वरचा भाग एकेक खाच पुढे सरकतो आणि शेवटच्या खाचेला बेब्लेडचे खाडकन तीन तुकडे होतात. जुलै २०२३ मध्ये चौथी पिढी आली, बेब्लेड एक्स. भाच्याने मला लोळवलं ते हे.

तुमच्याकडे जुनं काही उरलं असेल तर खूण पाहा. नसेल तर वयावरून साधारण अंदाज येतो: १९९२ ते ९८ च्या आसपास जन्मलेले बहुतेक प्लॅस्टिकवाले, त्यानंतरचे धातूवाले. आणि तुमच्याकडचं डुप्लिकेट होतं का? माझं होतं. साताऱ्याच्या बाजारातून पंचवीस रुपयांना आणलेलं ड्रान्झर, म्हणजे कायचं बेब्लेड, ज्याच्या पाकिटावर टायसनच्या ड्रगूनचं चित्र होतं. लाज वाटू देऊ नका. आपल्यापैकी निम्म्यांचं बालपण त्या पंचवीस रुपयांच्या मालावरच झालं आहे.

२. तुम्हाला नेमकं काय हवंय?

ही पायरी मी वगळली आणि त्यापायी साडेतीन हजार रुपये घालवले. म्हणून जरा सविस्तर सांगतो.

लहानपणी बेब्लेड आवडायचं म्हणजे एकाच वेळी तीन वेगळ्या गोष्टी आवडायच्या. शाळेतून आल्यावर दप्तर फेकून टीव्हीसमोर बसणं ही एक. कुणाकडे कुठलं आहे, कोण नवीन आणतंय, ते हातात धरून बघणं ही दुसरी. आणि परातीत दोन भोवरे आपटल्याचा ठण् आवाज, ही तिसरी. मोठेपणी या तिन्हींच्या वाटा वेगळ्या होतात आणि खर्चही वेगळा येतो.

आठवण पाहण्याची असेल तर एक पैसाही खर्च करू नका, थेट सहाव्या पायरीवर जा. वस्तूची ओढ असेल, म्हणजे ते जुनं लाल ड्रान्झर टेबलावर दिसलं तरी पुरे, तर तुम्ही जमवणाऱ्यांतले. तुम्हाला जुन्या बाजारात उतरावं लागेल. खेळायचं असेल तर जुन्याचा मोह सोडा आणि एक्स घ्या. याचं साधं कारण, समोर खेळायला माणूस हवा, आणि आज जो कुणी खेळतोय तो एक्स खेळतोय.

मी काय केलं? खेळायची ओढ होती आणि विकत घेतली जुनी वस्तू. एका जणाकडून ऑनलाइन "ओरिजिनल, २००२, न वापरलेलं" असं ड्रान्झर मागवलं. आलं ते हातात घेतल्याक्षणी कळलं. लोखंडी चकतीची कड हाताला बोचत होती, स्टिकर अर्धा मिलिमीटर तिरका, आणि बुडावर कंपनीचं नाव कोरलेलं असायला हवं तिथे गुळगुळीत. वीस वर्षांनी पुन्हा एकदा डुप्लिकेट ड्रान्झर, फक्त या वेळी पंचवीस रुपयांना नाही.

३. जुनं सापडलं असेल तर

आईकडे विचारा. भावाबहिणींची जुनी खेळणी ठेवलेला एखादा बिस्किटाचा डबा माळ्यावर असतोच. सापडलं तर लगेच फिरवू नका.

आधी सगळे भाग सुटे करा. प्लॅस्टिकवालं असेल तर वरची कडी दाबून फिरवली की उघडतं. वर्षानुवर्षं बंद असेल तर जोर लावू नका, प्लॅस्टिक ठिसूळ झालेलं असतं. कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब टाका आणि जुन्या दातघासणीने प्लॅस्टिकचे भाग घासा. स्टिकर असलेला भाग पाण्यात बुडवू नका, ओल्या फडक्याने नुसता पुसा. थिनर किंवा नेलपॉलिश रिमूव्हर चुकूनही लावू नका, प्लॅस्टिक पांढरं पडतं आणि विरघळतं.

लोखंडी चकती वेगळी धुवा आणि लगेच कोरडी करा. गंज धरला असेल तर तासभर व्हिनेगरमध्ये ठेवून घासा, धुवा, पुसा, मग शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब बोटाने फिरवा. हे तेल रबरी टोकाला लागू देऊ नका. रबर मुळातच इतक्या वर्षांत कडक झालेलं असतं, तेलाने ते फुगतं नाहीतर चिकट होतं.

लाँचरचं जास्त जपा. दात्यांच्या पट्टीचे दोन-चार दाते झिजले असतील तर मधेच सटकते आणि बेब्लेड वाकडं पडतं. भोवरा पकडणाऱ्या आकड्यांना चीर आहे का ते उजेडात धरून पाहा. चीर असेल तर तो लाँचर शोभेला ठेवा. ताकदीने ओढताना आकडा तुटला तर तुकडा कुठे उडेल सांगता येत नाही.

४. नवीन घेताना

भारतातल्या दुकानात मिळतं ते बहुतांशी हॅस्ब्रो या अमेरिकी कंपनीचं. जपानमध्ये बनवणारी कंपनी टाकारा टोमी, आणि तिचा माल इकडे येतो तो बाहेरून मागवलेला. एक्स पिढीत दोघांचे भाग एकमेकांत बसतात, त्यामुळे सुरुवातीला हॅस्ब्रोचं घेतलं तरी काही बिघडत नाही. नावं मात्र उलटीपालटी आहेत: जपानी 'ड्रॅन सोर्ड' हे हॅस्ब्रोकडे 'सोर्ड ड्रॅन', 'विझार्ड ॲरो' हे 'ॲरो विझार्ड'. 'नाइट शील्ड' तर 'हेल्म नाइट' झालंय. एकच वस्तू दोनदा विकत घेऊ नका.

बाहेरून मागवण्याआधी सीमाशुल्काचा हिशोब करा. खेळण्यांवरचं आयातशुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० वर गेलं आणि २०२३ मध्ये ७० झालं. वेबसाइटवर दिसणारी किंमत आणि दारात कुरियरवाला उभा राहिल्यावर द्यावी लागणारी रक्कम यात बराच फरक पडतो. कुणी प्रवासी जपानहून येत असेल तर त्याच्या बॅगेत एक डबा बसवा. आमच्या ग्रुपमधल्या अर्ध्या माणसांचा माल असाच आला आहे, कुणाचा तरी चुलतभाऊ टोकियोत असतोच.

दुकानात घेताना पाकिटावर आयएसआयचं चिन्ह पाहा. १ जानेवारी २०२१ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या खेळण्यांना ते सक्तीचं आहे. चिन्ह नाही आणि किंमत संशयास्पद कमी असेल तर काय समजायचं ते समजा. डुप्लिकेट माल मोठ्या माणसाने टेबलावर ठेवायला घेतला तर एकवेळ चालेल. पण एक्स पिढीच्या टकरी जोरकस असतात, आणि स्वस्तातला धातू कडेने उडतो. मुलांसोबत खेळणार असाल तर तिथे काटकसर नको.

पहिली खरेदी काय करावी? दोन बेब्लेड, दोन लाँचर आणि स्टेडियम एकत्र असलेला बॅटल सेट. सुटं बेब्लेड आणून "स्टेडियम नंतर बघू" असं करू नका. जुनी बेब्लेड परातीत, घमेल्यात, अगदी कपडे धुवायच्या टबातही मजेत फिरायची. एक्सचं सगळं कौशल्य स्टेडियमच्या कडेला असलेल्या दातेरी पट्टीत आहे. बेब्लेडच्या टोकाला छोटे दाते असतात, ते या पट्टीत अडकले की भोवरा रुळावरच्या गाडीसारखा एकदम वेग घेतो आणि मध्यभागी झेपावतो. परातीत ते होणार नाही. शिवाय परातीवर ओरखडे पडतात आणि त्याबद्दल कोण बोलतं ते तुम्हाला माहीत आहे.

५. नाव वाचायला शिका

'ड्रॅन सोर्ड ३-६०एफ' असं लिहिलेलं पाहून मला गाडीचा नंबर वाटला होता. ते तीन भागांचं वर्णन आहे. 'ड्रॅन सोर्ड' म्हणजे वरचं धातूचं पातं. '३-६०' म्हणजे मधला भाग, ज्याला रॅचेट म्हणतात: तीन बाजूंचा, उंची ६ मिलिमीटर. ८० असेल तर ८ मिलिमीटर. 'एफ' म्हणजे खालचं टोक फ्लॅट, सपाट. टी म्हणजे निमुळतं, बी म्हणजे गोळीसारखं गोल, एन म्हणजे सुईसारखं.

सगळा खेळ त्या शेवटच्या अक्षरात आहे, आणि ज्याने गावाकडे लाकडी भोवरा फिरवलाय त्याला हे शिकवावं लागत नाही. भोवऱ्याची आर घासून बारीक केली की तो एका जागी उभा राहतो, बोथट झाली की अंगणभर पळतो. तेच इथे. सपाट टोकाचं बेब्लेड जमिनीला जास्त घासतं, म्हणून पळतं, धडका मारतं आणि लवकर दमतं. हे हल्ला करणारं. गोल किंवा टोकदार बुडाचं मध्यभागी ठाण मांडतं, मार खातं आणि समोरच्याच्या थांबण्याची वाट पाहतं.

वजन कुठे आहे यावरही बरंच अवलंबून असतं. तेवढंच वजन कडेला असलं तर फिरवायला जोर जास्त लागतो, पण एकदा फिरलं की लवकर थांबत नाही. मध्यभागी असलं तर चटकन गती घेतं आणि चटकन सोडतं. उंच रॅचेटचं बेब्लेड खालून धडक बसली की डगमगतं, बुटकं सहसा उलटत नाही, पण वाकलं की कड जमिनीला घासते.

नवशिक्याने कुठलं घ्यावं? सगळे सांगतील की हल्ला करणारं, कारण तेच दिसायला भारी. मी म्हणेन गोल बुडाचं घ्या, विझार्ड ॲरोसारखं. ते फेकताना हात थोडा चुकला तरी निभावून नेतं. हल्ला करणारं नीट फेकता आलं नाही तर तीन गिरक्या मारून स्वतःच खिशात जाऊन पडतं. माझं आठवडाभर हेच चाललं होतं.

आणि उलट्या फिरणाऱ्यांबद्दल. काही बेब्लेड डावीकडे फिरतात. धातूच्या पिढीत एल-ड्रॅगो, एक्समध्ये कोबाल्ट ड्रगून. दोन उलट फिरणारी एकमेकांना लागली की दोन चाकांचे दाते जुळावेत तसं होतं, धडक कमी बसते आणि वेगवान बेब्लेडची गती थोडी संथाकडे जाते. शेवटच्या काही सेकंदांत मरायला टेकलेलं बेब्लेड अचानक तग धरतं ते यामुळे. पण त्याला लाँचरही डावा लागतो. उजव्या लाँचरला डावं बेब्लेड लावून "खराब निघालं" म्हणून परत पाठवणारा मी एकटाच नसेन.

६. पाहायचं कसं

पहिल्या कार्टून मालिकेचे ५१ भाग, दुसरीचे (व्ही-फोर्स) ५१, तिसरीचे (जी-रेव्होल्यूशन) ५२. एकूण १५४. रविवारी सकाळी भाग पहिला लावून बसलात तर पाचव्या भागापर्यंत तुम्ही फोन बघायला लागाल. खरं सांगायचं तर पूर्वी न जाणवलेल्या गोष्टी आता जाणवतात: तीच ती दृश्यं पुन्हा वापरलेली, एक फिरकी संपायला दोन भाग.

त्याऐवजी आठवणीत रुतलेला एखादा प्रसंग शोधून तेवढाच पाहा. माझा होता पहिल्या मालिकेच्या शेवटाकडचा, रशियातला. काय मित्रांना सोडून काळ्या ड्रान्झरच्या नादी लागलेला असतो, गोठलेल्या बैकल सरोवरावर त्यांच्याशीच लढतो, हरतो आणि पायाखालचा बर्फ फुटतो. ज्यांचा विश्वासघात केला तेच हात पुढे करतात. तेव्हा मी टीव्हीसमोर मांडी घालून बसलो होतो आणि आई जेवायला हाक मारत होती, ती तिसऱ्या हाकेलाही ऐकू आली नव्हती. परवा पाहिला तेव्हा चित्रं साधी वाटली, संवाद भडक वाटले, आणि तरी तो हात पुढे आला तेव्हा घशात काहीतरी अडकलं.

पाहताना एक गंमत लक्षात ठेवा. चौघांच्या बेब्लेडमधले प्राणी, ड्रॅगन, लाल पक्षी, कासव आणि वाघ, हे चिनी-जपानी परंपरेतले चार दिशांचे रक्षक आहेत. आणि नावातला 'बे' येतो बेइगोमावरून. बेइगोमा हा जपानी मुलांचा जुना छोटा भोवरा, आधी शिंपल्याचा, मग लोखंडाचा, दोरी गुंडाळून पिंपावर ताणलेल्या कापडात फेकायचा. म्हणजे आपण जाळी गुंडाळून अंगणात जे करायचो तेच.

७. फेकायला शिका

पहिले तीन दिवस लढू नका, नुसतं फेका.

स्टेडियम जमिनीवर ठेवा, टेबलावर नको. एक गुडघा टेकून बसा. लाँचर ज्या हातात आहे तो हात कोपरापासून शरीराला टेकवा, हलू देऊ नका. लाँचर जमिनीला समांतर आणि स्टेडियमच्या वर साधारण वीतभर. आता दोरी शेवटपर्यंत, सरळ आडवी, एका झटक्यात ओढा. ताकद खांद्यातून काढू नका. झटका मनगट आणि कोपरातून येतो, चाबूक मारल्यासारखा. बहुतेक मोठी माणसं दोन चुका करतात: दोरी अर्धवट ओढतात आणि ओढताना लाँचरवाला हातही मागे नेतात. दुसऱ्या चुकीने बेब्लेड तिरकं पडतं आणि स्टेडियमबाहेर जातं.

दोरी तिरकी ओढत राहिलात तर ती लाँचरच्या तोंडाशी घासून तुटते. माझी महिन्यात तुटली.

मध्यभागी दहापैकी आठ वेळा सरळ पडायला लागलं की मग कडेच्या पट्टीवर फेकायचा सराव करा. लाँचर किंचित कलता धरायचा आणि भोवरा पट्टीच्या दिशेने सोडायचा. किती कलता? ते सांगून कळत नाही. मला सत्तर-ऐंशी फेकींनंतर हाताला समजलं.

फेकणाऱ्याचं तोंड स्टेडियमच्या वर नसावं. वाकून बघायची सवय मुलांना असतेच, आपल्यालाही लागते. एक्सचे भाग उडतात तेव्हा कधी वरही उडतात. चष्मा असेल तर बरंच.

८. नियम

"थ्री, टू, वन, गो शूट" म्हणायचं आणि दोघांनी 'शूट'वर एकदम सोडायचं. 'लेट इट रिप' ही इंग्रजी रूपांतरातली ओळ. पोरं आता ती म्हणत नाहीत, पण तुम्ही म्हटली तर हसणार नाहीत. थोडं हसतील.

समोरचं आधी थांबलं तर एक पॉइंट. त्याचे तुकडे झाले तर दोन. बाजूच्या खिशात ढकललं तरी दोन. मधल्या एक्स्ट्रीम खिशात टाकलं तर तीन. आधी चार पॉइंट करेल तो जिंकला. गंभीरपणे खेळणारे तीन बेब्लेडचा संच घेऊन येतात, आणि तिन्हीमध्ये एकही भाग पुन्हा आलेला चालत नाही, म्हणजे तीन वेगळी पाती, तीन वेगळी रॅचेट, तीन वेगळी टोकं. खरी डोकेफोड इथे आहे. आपलं सगळ्यात चांगलं टोक कुठल्या पात्याला द्यायचं यावर मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये विचार केलाय.

९. माणसं शोधा

मोठ्या शहरांत खेळणाऱ्यांचे ग्रुप आहेत, महिन्यातून एखाद्या रविवारी कॅफेत किंवा बागेत जमतात. पहिल्यांदा जाताना संकोच वाटेल. जा. तिथे बँकेत नोकरी करणारा, डेंटल कॉलेजची मुलगी आणि सहावीतला पोरगा एका स्टेडियमभोवती उकिडवे बसलेले दिसतील, आणि सहावीतला पोरगा जिंकत असेल. पहिल्या दिवशी फक्त बघा, दुसऱ्याच्या बेब्लेडला न विचारता हात लावू नका.

ग्रुप नसेल तर सोसायटीतली मुलं आहेत. त्यांच्याशी खेळताना मुद्दाम हरू नका, त्यांना लगेच कळतं आणि मग ती तुमच्याशी खेळत नाहीत. मुलांच्या आईबापांना आधी विचारा. आणि "आमच्या वेळी" हे दोन शब्द दिवसातून एकदाच वापरा.

मी भाच्याकडे परत गेलो तेव्हा नवीन संच घेऊन गेलो होतो, आणि खिशात ते फसवणुकीचं ड्रान्झरही होतं. दोन डाव झाले. एक मी जिंकलो, काठावर, चार-तीन. मग त्याने विचारलं, "मामा, हे जुनं कसं फिरतं?" ताई घरात नव्हती, म्हणून स्वयंपाकघरातून स्टीलची परात आणली. पट्टी लाँचरमध्ये घातली, खेचली, आणि तोच ठण् आवाज, आजीच्या पितळी परातीपेक्षा थोडा चिरका. तो पोटावर पालथा पडून बघत राहिला.

"आता ह्याचे पॉइंट कसे मोजायचे?"

"मोजायचे नाहीत. शेवटपर्यंत फिरेल तो जिंकला."

"एवढंच?"

"एवढंच."

त्याने आणखी चौदा वेळा फिरवायला लावलं. तुकडा मात्र एक उडाला, दात्यांच्या पट्टीचं टोक, आणि तो आम्हाला सापडेना. तेव्हा शेवटची सूचना: खेळ संपला की सगळे भाग मोजून डब्यात ठेवा, एक्सची टोकं बोटाच्या पेराएवढी असतात. एखादं कमी भरलं तर आधी फ्रीजखाली बघा.